एचएमटी विकणे आहे

2025 च्या दिवाळीत आमच्या घरचा ट्रॅक्टर विकला. या एका वाक्यामागे वर्षभराची फोनाफोनी, चार गिऱ्हाइकं, एक हरवलेलं आरसी बुक आणि घरातलं एक छोटंसं भांडण आहे. म्हटलं, या वीकांताला ते सगळं टंकून टाकावं.

ट्रॅक्टर म्हणजे एचएमटी झेटर 2511. दोन सिलिंडर, 25 हॉर्सपॉवर. मोठ्या बाबांनी (म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, आमच्याकडे 'काका' धाकट्याला म्हणतात) 1979 साली बँकेचं कर्ज काढून घेतलेला. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, जिल्हा चंद्रपूर. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हासुद्धा नव्हता, तो झाला 26 ऑगस्ट 1982 ला. गावात त्याआधी ट्रॅक्टर नव्हता. त्यामुळे माझ्या लहानपणी 'ट्रॅक्टर' हे सामान्यनाम नव्हतंच, विशेषनाम होतं. ट्रॅक्टर आला म्हणजे आमचाच आला.

मोठे बाबा 2019 मध्ये गेले. त्यानंतर दादाने एक-दोन हंगाम तो चालवला आणि मग भाड्याच्या ट्रॅक्टरने चिखलणी करून घ्यायला लागला. एचएमटी गोठ्याच्या मागे, तणसाच्या ढिगाशेजारी, उतारावर उभा. उतारावर का, तर सेल्फ कधीच गेलेला. जुन्या ट्रॅक्टरचा मालक ओळखायची ही पक्की खूण आहे: तो कुठेही गेला की आधी उतार शोधतो.

2024 च्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा दादा म्हणाला, "इकून टाकू म्हणतो. तुमच्या नेटवर पाय बरं काय भाव चालू आहे."

आता मी ठरलो घरातला इंजिनिअर. आमच्या घरात इंजिनिअरची कामं दोन. प्रिंटर दुरुस्त करणे आणि कशाचाही भाव नेटवर पाहणे. पाहिला. आणि इथून गोंधळ सुरू झाला, कारण त्या एकाच ट्रॅक्टरला मला तीन वेगवेगळे भाव सापडले. थोडे इकडेतिकडे नाही, एकमेकांशी काही संबंधच नसलेले.

पहिला भाव भंगारवाल्याचा. तो ब्रह्मपुरीहून मोटरसायकलवर आला, ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला दीड टन भरेल, तीस रुपये किलो. पंचेचाळीस हजार. मागचे टायर वेगळे धरा. चालू होतो की नाही हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

दुसरा भाव कामाचा. शेजारच्या गावच्या वीटभट्टीवाल्याने नव्वद हजार म्हटलं, पण अट अशी की चालू करून दाखवा, ट्रॉली ओढून दाखवा.

आणि तिसरा भाव शौकाचा. तो मला आधी माहीतच नव्हता. आमच्या भागात धान कापायला पंजाबातून हार्वेस्टर येतात. दिवाळीच्या आसपास ते रांगेने येतात, महिनाभर इथे राहतात आणि पुढे जातात. त्यांच्यातला संगरूरकडचा एक ड्रायव्हर दादाकडे पाणी प्यायला आला आणि गोठ्यामागे जाऊन थबकलाच. "ओ पाजी, एचएमटी!" मोबाइल काढून फोटो काढले, चारी बाजूंनी. मग म्हणाला, "5911 होता तो मैं अभी ले जाता."

एचएमटी 5911 हा आमच्या 2511 चा थोरला भाऊ, साठच्या आसपास हॉर्सपॉवरचा. पंजाबात त्याचं वेड आहे. गायक सिद्धू मूसेवालाचा तो लाडका ट्रॅक्टर होता, आणि 29 मे 2022 ला त्याचा खून झाल्यावर त्याची अंत्ययात्राही त्याच 5911 वरून निघाली. त्यानंतर तर जुना 5911 ही वस्तू शेतीच्या हिशोबातून पार बाहेर गेली. लोक तो शोधून आणतात, रंगवतात, मोठे टायर लावतात, गाणी लावून मिरवतात. त्यात भर अशी की नवा 5911 आता मिळणारच नाही. हरियाणातल्या पिंजोरचा तो कारखाना चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या मदतीने 1971 मध्ये सुरू झाला होता आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर 2016 मध्ये तो बंद करायचं ठरवलं.

हे ऐकून माझ्या डोक्यात लगेच चक्रं फिरायला लागली. आमच्या ऑफिसात निदान तिघांच्या मनगटावर एचएमटीची जुनी चावीची घड्याळं आहेत. तिघेही तिशीतले, तिघांनीही ती नेटवरून शोधून, मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजून घेतलेली. त्यांच्या आजोबांनी तेच घड्याळ वेळ पाहायला घेतलं असेल. एचएमटीची घड्याळं 1961 पासून निघत होती, 2016 मध्ये तीही कंपनी गुंडाळली गेली आणि भाव चढायला लागले. मग ट्रॅक्टरनेच काय घोडं मारलंय?

(एचएमटीचा विषय निघालाच आहे तर. आमच्या भागात एचएमटी म्हटलं की घड्याळ नाही आणि ट्रॅक्टरही नाही, पहिला येतो तो तांदूळ. दादाजी खोब्रागडे हे नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. मराठवाड्यातलं नव्हे, हे आमचं छोटं नांदेड. जेमतेम दीड एकराचे शेतकरी. 1983 च्या सुमाराला त्यांना आपल्या धानात काही वेगळी लोंब दिसली, त्यांनी ती निवडून वर्षानुवर्षं वेगळी लावली, आणि त्यातून जो बारीक तांदूळ निघाला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव पडलं. तुम्ही पुण्या-मुंबईत किराणा दुकानात 'एचएमटी कोलम' म्हणून घेता ना, त्यातलं एचएमटी हे. राष्ट्रपती कलामांच्या हस्ते 2005 मध्ये सत्कार झाला, पण देशभर विकल्या गेलेल्या त्या तांदळाच्या पैशातलं दादाजींच्या हाती फारसं काही लागलं नाही. 3 जून 2018 ला ते गेले. असो, विषयांतर झालं. पण नाव एक, वस्तू तीन, आणि प्रत्येकीचा भाव भलताच कोणीतरी ठरवतो, हे माझ्या डोक्यात तेव्हा घुसलं ते घुसलंच.)

तर त्या ड्रायव्हरने फोटो पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दीड लाखापर्यंत देणारा माणूस आहे, पण ट्रॅक्टर 'ओरिजनल' पाहिजे. बोनेट, मीटर, सीट, दिवे, डायनामो, पुढचं नाव. सगळं कंपनीचं.

मग मी आणि दादा कागद-पेन घेऊन ट्रॅक्टरसमोर बसलो. बोनेट: आयशरचं, वेल्डिंग करून बसवलेलं. सीट: बसच्या ड्रायव्हरची. मीटर: नाही, तिथे भोक आहे, त्यात सुपारीची पुडी ठेवायची सोय. स्टिअरिंग: कुठल्याशा जीपचं. दिवे: नाहीत. सायलेन्सर: बोअरवेलचा पाइप. रंग इतक्या वेळा मारलेला की मूळचा कोणता यावर मोठ्या आईचं आणि दादाचं एकमत नाही. ओरिजनल म्हणाल तर इंजिनाचा ब्लॉक, गिअर बॉक्स आणि मागचा एक मडगार्ड.

पंजाबचा भाव तिथेच मिटला :-)

पण मला त्या यादीने विचारात पाडलं. यातला एकही बदल हौसेने केलेला नाही. कंपनीचा पार्ट मिळायला नागपूरची वारी, तिथे नसेल तर लुधियानाहून मागवा, आणि इकडे रोवणी चार दिवसांवर. अशा वेळी मोठे बाबा मिस्त्रीला म्हणायचे, "काई बी लाव, पन चालू कर." त्या 'काई बी'मुळे ट्रॅक्टर 40 वर्षं बांधीत उतरला. आणि त्याच 'काई बी'मुळे आज शौकिनांच्या बाजारात त्याची किंमत शून्य. ज्याने ट्रॅक्टर आल्या दिवसापासून झाकून ठेवला असेल, फारसा वापरलाच नसेल, त्याला दीड लाख. ज्याने वापरला त्याला तीस रुपये किलो. आपल्या धंद्यातही हेच आहे म्हणा. पंधरा वर्षं प्रॉडक्शनमध्ये चाललेला कोड कोणी कौतुकाने उघडून पाहत नाही. त्यात सतरा जणांनी लावलेली ठिगळं असतात. पण पगार त्याच्यावरच निघत असतो.

इथपर्यंत आल्यावर माझं मन बदललं. म्हटलं विकायचाच कशाला? मी पैसे देतो, दुरुस्त करू, रंगवू, अंगणात ठेवू. मोठ्या बाबांची आठवण. दादा काहीच बोलला नाही. मोठी आई आतून कणकेच्या हाताने बाहेर आली.

"मंग घेऊन जाय न पुन्याले. फ्लॅटमंदी ठेव."

"तसं नाही मोठी आई, बाबांची आठवण म्हणून..."

"त्यायचे कान गेले याच्यापायी. मी बोलू तं ऐकूच नाही ये त्यायले. धा वर्सं मी ओरडूओरडू बोलली या घरात. मले नाई पाहिजे अंगनात."

खरंच होतं ते. त्या बोअरवेलच्या पाइपातून येणारा आवाज आम्हाला वेशीपलीकडून कळायचा, आणि आम्हाला त्याची गंमत वाटायची. मी गप्प बसलो.

वीटभट्टीवाला तोवर नवीन ट्रॅक्टर घेऊन मोकळा झाला होता. मग गिऱ्हाईक आलं ते गडचिरोलीकडून, धानोरा तालुक्यातून. दादाच्या सासुरवाडीच्या ओळखीतले, मध्यम वयाचे, फार कमी बोलणारे. त्यांनी ट्रॅक्टरला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला:

"जंगलची केस-बिस नाही ना जी?"

हा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रात कोणी विचारणार नाही. जंगलाच्या जिल्ह्यात तो पहिला असतो. चोरटं लाकूड वाहताना ट्रॅक्टर सापडला तर भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 52 खाली तो जप्त होतो, आणि पुढे सरकारजमाही होऊ शकतो. रेती सापडली तर महसूल खातं. तिथे 2018 च्या नियमानुसार ट्रॅक्टर सोडवायचा दंडच 1 लाख रुपये, रेतीची दंडाची रक्कम वेगळी. आता गणित करा. ज्या जुन्या ट्रॅक्टरची किंमतच सत्तर-ऐंशी हजार, तो 1 लाख भरून कोण सोडवेल? म्हणून असे ट्रॅक्टर तहसिलीच्या आवारात वर्षानुवर्षं उभे दिसतात, सीटमधून झुडूप उगवलेलं. पुढे लिलाव होतो, तिथून ते पुन्हा बाजारात येतात. त्यामुळे जुना ट्रॅक्टर घेणारा आधी इंजिन पाहत नाही, इतिहास पाहतो.

दुसरी गोष्ट मला त्यांच्याशी बोलल्यावर कळली. मी विचारलं, थोडे पैसे घालून, कर्ज काढून पाच-सहा वर्षांचा ट्रॅक्टर का नाही घेत? ते म्हणाले, "पट्टा आहे जी. सातबारा नाही." वनहक्क कायदा 2006 खाली मिळालेली जमीन. ती वारसाने मुलाला जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कायद्यातच तसं आहे. ही तरतूद चांगल्यासाठीच आहे, नाहीतर पहिल्या दोन वर्षांत निम्म्या जमिनी सावकाराच्या झाल्या असत्या. पण ट्रॅक्टरच्या कर्जाला जमीन तारण मागतात, आणि जी विकता येत नाही ती जमीन तारण म्हणून कोण घेणार? म्हणजे कर्ज नाही. म्हणजे रोख. म्हणजे जेवढी रोख तेवढाच ट्रॅक्टर.

मला वाटत होतं जुन्या ट्रॅक्टरची मागणी गरिबीमुळे. ती तशी आहेच, पण तिच्यामागे इतका नेमका कायदेशीर नळ आहे हे मला माहीत नव्हतं. शिवाय त्यांना हलकाच ट्रॅक्टर हवा होता. धानाच्या बांधीत लोखंडी चाकं लावून चिखल करायचा तर जड ट्रॅक्टर रुततो. आणि गावाकडे जाताना पावसाळ्यात दोन नाले. तिथे अडकलेल्या मोटरसायकली, आजारी माणसं, रेशनची पोती, सगळं ट्रॅक्टरनेच पलीकडे जातं.

"आनि मिस्त्री?" दादाने विचारलं. हा प्रश्न महत्त्वाचा. महिंद्रा, स्वराज यांना कुठेही गिऱ्हाईक मिळतं, कारण त्यांचा मिस्त्री आणि पार्ट मोठ्या गावात हमखास असतो. एका सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा जुना आयशरही अजून त्याच कारणाने खपतो. त्यात बिघडायला फार काही नाहीच. एचएमटीचा जाणता मिस्त्री मात्र शोधावा लागतो. आमचा मिस्त्री आता पासष्टीला आलाय, पोरगा नागपूरला मोबाइलच्या दुकानात. 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी 2023 पासून धुराचे कडक नियम लागले आणि त्यांच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स शिरलं, तेव्हापासून तो म्हणतो, "आता ट्रॅक्टरले बी लॅपटॉप लागते, तूच ये." धानोऱ्याचे गृहस्थ म्हणाले, माझा मेहुणा झेटर खोलतो. सौदा जमला. ऐंशी हजार.

आणि मग मी पाचर मारली. म्हणजे दादा अजून तसंच म्हणतो.

ते म्हणत होते कागद राहू द्या, आम्हाला शेतातच चालवायचा आहे. पद्धतच तशी आहे. आरसी बुक द्यायचं, वहीच्या पानावर सह्या करायच्या, विषय संपला. पण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, मालक तोच. मधे कितीही हात बदललेले असोत. उद्या त्या ट्रॅक्टरखाली कोणी आलं किंवा त्याच्या ट्रॉलीत सागवान सापडलं, तर नोटीस येणार मोठ्या बाबांच्या नावाने. म्हणजे मोठ्या आईच्या दारात. दादा म्हणाला, मंग भंगारात देऊ. मी म्हटलं, चालू ट्रॅक्टर तोडायला देणार? मी सगळे फॉर्म भरतो.

पुढचे नऊ महिने मी फॉर्म भरले. आरसी बुक हरवलेलं, म्हणून पोलिसांत तक्रार आणि फॉर्म 26. मूळ मालक वारलेला, म्हणून फॉर्म 31. बँकेचा बोजा अजून नोंदीत, म्हणून फॉर्म 35. कर्ज 1987 मध्येच फिटलं होतं, बोजा काढायचा राहिला, ही चूक आमचीच. पंधरा वर्षांची नोंदणी कधीच संपलेली, तीही आम्ही वाढवली नव्हती, म्हणून फॉर्म 25. (मधे व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी पाठवलं की दहा वर्षांवरचे ट्रॅक्टर सरकार भंगारात काढणार. खोटं आहे. पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते.) नंबर जुना तीन अक्षरी, त्यामुळे तो कॉम्प्युटरमध्येच नाही, आधी तो चढवायचा. तपासणीच्या कॅम्पसाठी दादाने दोन दिवे बसवले. पंचवीस-तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या ट्रॅक्टरचे दोन्ही डोळे उघडले. भाचीने त्याचा व्हिडिओ पाठवला. मी तो क्युबिकलमध्ये बसून चारदा पाहिला. विमा, कर, ब्रेक, दिवे धरून खर्च सोळा हजार.

एवढ्यात 22 सप्टेंबर 2025 आला आणि ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. सात लाखांच्या नव्या ट्रॅक्टरमागे साधारण 44 हजार कमी. त्यामुळे दोन-चार वर्षं वापरलेल्यांचे भाव उतरले, मग त्याच्या खालच्यांचे. ही लाट आमच्या 46 वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत पोचेल असं मला वाटलं नव्हतं, कारण त्याचा तळ भंगाराच्या भावाने बांधलेला आहे, त्याखाली तो जाऊच शकत नाही. पण तळ आणि आमचा सौदा यांच्यात अजून जागा होती. धानोऱ्याचा फोन आला. "आता सगडंच सस्तं झालं म्हंते न जी." बहात्तरवर तुटलं.

बहात्तर वजा सोळा, छप्पन हजार. भंगारवाला पंचेचाळीस देत होता, एकाही फॉर्मशिवाय. म्हणजे नऊ महिन्यांची आमची निव्वळ कमाई अकरा हजार. माझ्या तासांचे पैसे लावले तर... नको, लावत नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते न्यायला आले. पन्नास हजार रोख मोजले, उरलेले बावीस धानाचे चुकारे आले की. दादाने हो म्हटलं. माझं मत कोणी विचारलं नाही. मोठ्या आईने ट्रॅक्टरला कुंकू लावलं, त्यांना चहा दिला, आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. ट्रॅक्टर उतारावरून सोडला, तिसऱ्या धक्क्याला पकडला. आरमोरी, गडचिरोली करत सकाळी सातला निघालेला माणूस संध्याकाळी घरी पोचला. मधे कुठे थांबला तर उतार बघूनच थांबला असणार.

परवा दादाचा फोन होता. बावीस हजार अजून यायचे आहेत. त्यांचे चुकारे अडकलेत, आणि आमचेही. ट्रॅक्टर मात्र चालू आहे म्हणे. मेहुण्याने सायलेन्सर बदललाय.